शाळेत न मिळालेला बॉल : ६ क्रमांकाच्या रबरी बास्केटबॉलचे परीक्षण

६ क्रमांकाचा, रबरी आवरणाचा आणि खोल खाचांचा बास्केटबॉल हा या परीक्षणाचा विषय आहे. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तो मुंबईत धोबी तलाव भागातील एका दुकानातून विकत घेतला आणि तेव्हापासून घराजवळच्या महापालिकेच्या उद्यानातील सिमेंटच्या कोर्टवर तो नियमितपणे वापरते आहे. त्याने एक पावसाळा आणि एक कडक उन्हाळा पाहिला आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल आता खात्रीने लिहिता येते. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेले बहुतेक गुण आणि दोष एका कंपनीचे नसून या प्रकारच्या बॉलचे आहेत. निविया, कॉस्को, स्पाल्डिंग, मोल्टेन अशा अनेक कंपन्यांचे रबरी बॉल आपल्याकडे मिळतात आणि त्यांतून निवड करताना नावापेक्षा क्रमांक, आवरण आणि खाचा या तीन गोष्टी पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

ज्या स्त्रिया शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळल्या, नंतर नोकरी आणि संसारात तो पूर्ण सुटला आणि आता निवृत्तीनंतर सकाळचा तास-दीड तास मोकळा मिळू लागला आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण प्रामुख्याने आहे. त्यांतल्या पुष्कळ जणींना बॉलचे निरनिराळे क्रमांक असतात हेच ठाऊक नसते, कारण आमच्या काळी निवड करण्यासारखे समोर काही नव्हतेच. पुरुषांच्या खेळात ७ क्रमांकाचा बॉल वापरतात. त्याचा परीघ ७५ ते ७८ सेंटिमीटर आणि वजन ५७० ते ६५० ग्रॅमच्या आसपास असते. ६ क्रमांकाच्या बॉलचा परीघ ७२ ते ७४ सेंटिमीटर असतो आणि वजन ५१० ते ५६० ग्रॅमच्या आसपास भरते. ५ क्रमांकाचा त्याहून लहान बॉल शाळकरी मुलांसाठी असतो. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, परंतु दोन्ही बॉल एकापाठोपाठ हातात घेतले की तळव्याला तो तत्काळ कळतो. ७ क्रमांकाच्या बॉलवर माझी बोटे नुसती टेकतात, तर ६ क्रमांकाच्या बॉलला ती खरोखर धरतात.

आम्ही १९७० च्या दशकात गिरगावातल्या मुलींच्या शाळेत खेळत होतो. शाळेकडे दोन बॉल होते, एक सरावाचा रबरी आणि एक सामन्यासाठी जपून ठेवलेला चामडी. दोन्ही ७ क्रमांकाचे, म्हणजे मुलांच्या शाळेत जे असत तेच. वाढत्या वयातल्या, बहुतेक जणी पाच फुटांच्या आतबाहेर असलेल्या मुलींना तो बॉल एका हाताने फेकणे जमत नसे. म्हणून पीटीच्या बाईंनी आम्हाला छातीपासून दोन्ही हातांनी ढकलून फेकायला शिकवले होते. गुडघे वाकवायचे, कोपरे बाहेर काढायची आणि सगळ्या अंगाचा जोर लावून बॉल वर लोटायचा, अशी ती पद्धत होती. फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या, रेषेवरून बॉल रिंगपर्यंत पोहोचला तरी मैदानाबाहेर उभ्या असलेल्या मुली टाळ्या वाजवत. ज्या एक-दोघींना एका हाताचा शॉट जमे त्यांची हाडे मुळातच मोठी होती आणि त्यांच्याकडे आम्ही फार आदराने पाहत असू. आपल्याला जोर कमी पडतो, आपले मनगट कच्चे आहे, असेच आम्ही सगळ्या जणी धरून चाललो होतो आणि त्या समजुतीनेच शाळा सोडली.

त्या काळी मुंबईत बास्केटबॉल म्हटले की नागपाडा हेच नाव पुढे येई. बाईंनी आम्हाला तिथले सामने पाहायला नेले होते. प्रशिक्षक बच्चू खान यांच्या हाताखाली तयार झालेली मुले सिमेंटच्या कोर्टवर ज्या वेगाने बॉल फिरवीत ते पाहून आमचे डोळे विस्फारत. आज तिथले मैदान त्यांच्याच नावाने ओळखले जाते. भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर त्याच नागपाड्याचे होते. आम्ही तिथे पाहिलेला खेळ मात्र पुरुषांचा होता आणि तो पाहून परत आल्यावर तसेच ड्रिबल करण्याची, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत पुढे नेण्याची, आमची खटपट त्याच मोठ्या बॉलवर चाले. १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा बास्केटबॉल पहिल्यांदाच खेळला गेला आणि सोव्हिएत संघाने सुवर्णपदक जिंकले, ही बातमी बाईंनी वर्गात वाचून दाखवली होती. त्या संघातल्या, सात फुटांच्या आसपास उंची असलेल्या उल्याना सेम्योनोव्हाबद्दल आम्ही कितीतरी दिवस बोलत होतो. त्या स्पर्धेतही स्त्रिया पुरुषांचाच बॉल वापरत होत्या. अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींच्या खेळात लहान बॉल १९८० च्या दशकात आला, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिबाने, स्त्रियांच्या सामन्यांसाठी ६ क्रमांकाचा बॉल २००४ साली लागू केला. तोपर्यंत मी बँकेत अधिकारी झाले होते आणि माझी मुलगी कॉलेजात जात होती.

हा तपशील इतका सविस्तर सांगण्याचे कारण असे, की या बॉलचा सर्वांत मोठा गुण त्यातूनच समजतो. पहिल्याच सकाळी मी फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहिले तेव्हा हात सवयीने छातीपाशी गेले आणि दोन्ही हातांनी लोटलेला बॉल बोर्डाच्या वरच्या कडेला आदळून मागे गेला. जोर जास्त झाला होता. शाळेत असे कधी घडल्याचे मला आठवत नाही. नंतर सकाळी कोर्टवर येणाऱ्या एका तरुण प्रशिक्षकाने मला एका हाताचा शॉट समजावून सांगितला. फेकणारा हात बॉलच्या मागे, दुसरा हात बाजूला केवळ आधारापुरता, कोपर रिंगच्या दिशेने आणि शेवटी मनगट खाली मोडायचे. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी जे अशक्य वाटत होते ते काही आठवड्यांत बऱ्यापैकी जमू लागले. माझे हात तरुणपणापेक्षा नक्कीच दुबळे आहेत, रिंग आजही ३.०५ मीटर उंचीवरच आहे आणि फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून पूर्वीइतक्याच अंतरावर, ४.६० मीटरवर आहे. बदलला आहे तो फक्त बॉल. आमच्या शाळेतल्या ज्या मैत्रिणींनी ‘मला जमत नाही’ म्हणून संघ सोडला, त्यांच्यापैकी कितीतरी जणींना हा बॉल मिळाला असता तर त्या टिकल्या असत्या, असे मला मनापासून वाटते. आजच्या मुलींना तो पहिल्या दिवसापासून मिळतो आणि पुण्याच्या शिरीन लिमये यांच्यासारखी खेळाडू भारतीय संघातून खेळते, याचा म्हणूनच मला दुहेरी आनंद होतो.

आता आवरणाविषयी. बास्केटबॉल ढोबळमानाने तीन आवरणांत मिळतो: अस्सल चामडे, कृत्रिम चामडे (दुकानात याला कॉम्पोझिट म्हणतात) आणि रबर. चामड्याचा स्पर्श सर्वांत सुखद असतो हे मान्य केले पाहिजे, आणि शाळेच्या कपाटातल्या त्या सामन्याच्या बॉलचा वास मला आजही ओळखता येईल. परंतु चामडे हे लाकडी फरशीच्या बंदिस्त कोर्टसाठी असते. सिमेंटवर त्याचे दाणे लवकर घासले जातात, आणि मुंबईच्या दमट हवेत ते ओलावा धरते, त्यामुळे बॉल जड होतो व सुकल्यावर कडक पडतो. आमच्या शाळेचा बॉल जुलै-ऑगस्टमध्ये जड झालेला असे आणि बाई तो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवीत. कॉम्पोझिट बॉल या बाबतीत थोडा बरा असला तरी खडबडीत सिमेंटवर रोज वापरला की त्याचीही पकड जाते. माझ्या एका मैत्रिणीला तिच्या मुलाने परदेशातून असा उत्तम बॉल आणून दिला होता. हातात घेतला की अतिशय सुरेख वाटणारा तो बॉल आमच्या उद्यानातल्या कोर्टवर एका हिवाळ्यातच गुळगुळीत झाला. दोष बॉलचा नव्हता. तो तिथे वापरण्यासाठी बनवलेलाच नव्हता.

रबरी बॉलला ही भीती नाही. आतून पाहिले तर त्याची रचना अशी असते: मधोमध हवा धरून ठेवणारी ब्युटाइल रबराची पिशवी, तिच्यावर गोल आकार टिकावा म्हणून सर्व दिशांनी गुंडाळलेला नायलॉनचा धागा, त्यावर रबराचा थर आणि सर्वांत वर दाणेदार आवरण. माझ्या बॉलचे दाणे झिजले आहेत, परंतु पकड अजून पुरेशी आहे. पावसाच्या सरीनंतर कोर्ट ओलसर असताना तो वापरला, तरी घरी येऊन ओल्या फडक्याने पुसला आणि पंख्याखाली ठेवला की दुसऱ्या दिवशी तयार असतो. उन्हात मात्र वाळवू नये. उन्हाने रबर कडक होते आणि आतली हवा प्रसरण पावून बॉल फुगतो. याच कारणासाठी तो गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवणेही टाळावे. आमच्या घरी तो बाहेरच्या खोलीत, चपलांच्या कपाटाशेजारी असतो आणि नातवाचा त्यावर डोळा असतो.

खाचांकडे ग्राहक सहसा लक्ष देत नाहीत, पण साठीनंतर त्यांना फार महत्त्व आहे. दाण्यांच्या पट्ट्यांमधल्या काळ्या खाचा जितक्या खोल, तितकी बोटांची टोके त्यांत नीट बसतात. वयानुसार हाताची त्वचा कोरडी आणि गुळगुळीत होते, पकड सैल पडते, आणि माझ्यासारखीच्या बोटांच्या शेवटच्या सांध्यांवर गाठी आलेल्या असतील तर बोटे पूर्ण पसरतही नाहीत. अशा हाताला खाच हाच आधार असतो. स्वस्त बॉलमध्ये खाच नावापुरती, नुसती रंगवल्यासारखी असते. दुकानात नखाचे टोक खाचेवरून फिरवून पाहावे, फरक लगेच कळतो.

रंगाबद्दलही दोन शब्द लिहिते. माझा बॉल एकरंगी विटकरी नाही, त्यावर फिकट पिवळसर पट्टे आहेत. अशा दुरंगी, १२ पट्ट्यांच्या रचनेची सुरुवात मोल्टेन या जपानी कंपनीने इटालियन रचनाकार जॉर्जेत्तो ज्युजारो यांच्याकडून करून घेतलेल्या बॉलने झाली, आणि तोही २००४ सालीच आला. त्यापूर्वीचे बॉल ८ पट्ट्यांचे असत. हे केवळ शोभेसाठी आहे असे मला आधी वाटत होते. प्रत्यक्षात शॉट घेतल्यावर बॉल हवेत मागच्या बाजूला फिरतो आहे की वाकडा, हे या पट्ट्यांमुळे स्पष्ट दिसते, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सकाळच्या तिरप्या उन्हात अंगावर येणारा पासही लवकर ओळखता येतो. एकरंगी बॉल घेऊ नये असे मी म्हणणार नाही, पण दोन्ही उपलब्ध असतील तर साठीच्या पुढच्यांनी दुरंगीच घ्यावा.

या बॉलचा खरा दोष त्याचा कडकपणा आहे, आणि तो सगळ्याच रबरी बॉलमध्ये कमी-अधिक असतो. चामडी बॉल हातावर येताना किंचित दबतो, रबरी बॉल दगडासारखा येतो. छातीपासून फेकलेला जोराचा पास (चेस्ट पास) बोटांच्या टोकांवर बसला तर दिवसभर ठणका राहतो आणि स्वयंपाकघरात कुकरचे झाकण उघडतानाही त्याची आठवण होते. यावर मी दोन उपाय केले आहेत. पहिला हवेचा. बॉलवर हवेचा दाब छापलेला असतो, बहुधा ७ ते ९ पौंड. त्यातली खालची मर्यादा धरून, म्हणजे ७ च्या जवळपास, हवा भरली तर उसळी थोडी कमी होते पण बोटे वाचतात. सामना खेळायचा नसेल तर इतकी उसळी भरपूर आहे. दुसरा उपाय असा, की पास घेताना आम्ही आपसांत जमिनीवर टप्पा देऊनच बॉल देतो. तो छातीच्या उंचीवर सावकाश येतो आणि सरळ बोटांवर आदळत नाही. शाळेत बाई टप्पा पासचा सराव आमच्याकडून कंटाळा येईपर्यंत करून घेत. तो आज कामी येतो आहे.

हवेचा विषय निघालाच आहे तर पंपाविषयीही सांगते. बॉलबरोबर पंप मिळत नाही, मिळाला तर त्याची सुई बेताची असते. साधा हातपंप आणि दोन जास्तीच्या सुया वेगळ्या घ्याव्यात. सुई कोरडी कधीही घालू नये, ग्लिसरीनचा थेंब लावून सरळ घालावी, नाहीतर आतली झडप फाटते आणि मग तो बॉल दुरुस्त करून देणारा माणूस आजकाल सापडत नाही. आमच्या लहानपणी फुटलेला बॉल मोच्याकडे नेऊन शिवून आणत आणि आतली पिशवी बदलून घेत. ब्युटाइलची पिशवी हवा चांगली धरते, त्यामुळे मला महिन्यातून एखाद्या वेळीच पंप काढावा लागतो. तोही जमिनीवर ठेवून पायाने दाबून धरण्यासारखा असेल तर खांद्याला त्रास होत नाही.

खांद्याचा उल्लेख आला म्हणून लिहिते, की ज्यांचा खांदा आखडलेला आहे, आणि आमच्या वयात मधुमेह असलेल्या कितीतरी स्त्रियांना हा त्रास असतो, त्यांनी हात डोक्यावर नेऊन शॉट मारण्याचा आग्रह धरू नये. ६ क्रमांकाचा बॉल दोन्ही हातांत खालून धरून, पायांच्या मधून झुलवत वर सोडता येतो. शाळेत ही पद्धत अगदी लहान मुलींची मानली जाई. परंतु रिक बॅरी हा अमेरिकन व्यावसायिक खेळाडू आयुष्यभर फ्री थ्रो असेच मारत होता आणि त्यातले सुमारे ९० टक्के त्याने बास्केटमध्ये टाकले. आमच्या गटातल्या एका ताईंना खांद्यामुळे बॉल नुसता हातात घेऊन बसावे लागत होते. त्यांनी ही पद्धत घेतली आणि आता आमच्यात सर्वांत जास्त बास्केट बहुधा त्यांच्याच होतात. ७ क्रमांकाच्या बॉलने त्यांना हे जमत नव्हते, तो खालून धरताना हातातून निसटत असे.

निवृत्तीच्या दिनक्रमात हा बॉल कुठे बसतो, हे सांगितल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. नोकरी असताना सकाळ म्हणजे डबा, लोकल आणि बँकेचे शटर. निवृत्तीनंतर पहिले काही महिने ती मोकळी झालेली सकाळ मला फार लांब वाटे. फिरायला जाणे होते, योगाचा वर्ग होता, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावरच्या गप्पा होत्या, आणि या सगळ्याबद्दल मला आदरच आहे. पण फिरताना मन रिकामे राहते आणि मग ते औषधे, हयातीचा दाखला, ठेवींचे व्याज आणि मुलांचे प्रश्न यांभोवती फिरत राहते. बॉल हातात असताना तसे होत नाही. रिंगकडे पाहायचे, कोपर सांभाळायचे, परत आलेल्या बॉलमागे जायचे, यात सगळे लक्ष गुंतते. पळण्याची गरज नसते. मी आणि शाळेच्या संघातल्या दोन मैत्रिणी, तसेच नव्याने आलेल्या काही जणी, सकाळी सातच्या सुमारास जमतो, अंग मोकळे करतो आणि रिंगभोवती ठरलेल्या जागांवरून पाळीपाळीने शॉट घेतो. ज्या मैत्रिणींशी संबंध दिवाळीच्या शुभेच्छांपुरता उरला होता त्यांच्याशी आता रोज बोलणे होते, आणि ते आजारांबद्दल कमी व शॉटबद्दल जास्त असते.

कोर्टवर सकाळी कॉलेजची मुलेही असतात. सुरुवातीला एक रिंग आम्हाला सोडताना ती संकोचत. आता ‘आंटी, तुमचा बॉल’ म्हणून रिंगवरून उसळलेला बॉल घेऊन परत देतात. त्यांच्याबरोबर खेळण्याचा प्रसंग आला की एक अडचण येते. ती ७ क्रमांकाच्या बॉलनेच खेळतात आणि आमचा बॉल त्यांना हातात हलका लागतो, शॉट लांब जातात. ती नापसंती दाखवत नाहीत, पण दोन मिनिटांत आपला बॉल आणतात. त्यामुळे ज्यांना नातवाबरोबर किंवा पुरुषांच्या गटात मिसळून खेळायचे आहे, त्यांनी हा विचार आधी करावा. त्या मुलांकडूनच मला कळले की फ्री थ्रोखालचा जो चौकोन रंगवलेला आहे तो आमच्या वेळी बोर्डाकडे पसरत जाणारा समलंब होता आणि २०१० साली बदलला. लांबून मारलेल्या बास्केटचे ३ गुण आंतरराष्ट्रीय नियमांत १९८४ साली आले. आमच्या वेळी कुठूनही मारा, २ च मिळत. त्या रेषेपासून, म्हणजे ६.७५ मीटरवरून, बॉल रिंगपर्यंत नेणे आमच्यापैकी कोणालाही साधत नाही आणि हा बॉल घेतल्याने ते साधेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

आणखी काही उणिवा थोडक्यात नोंदवते. नवा असताना रबराचा उग्र वास येतो, आठवडाभर हवेशीर ठेवल्यावर तो जातो. कोर्टवर धूळ असेल तर आवरण निसरडे होते, म्हणून जवळ ओला रुमाल असावा. घराच्या आवारात आपटला तर आवाज कॉम्पोझिट बॉलपेक्षा पुष्कळ मोठा होतो आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी दुपारी झोपलेले असतात, त्यामुळे घरात ड्रिबल करण्याचा विचारही करू नये. रंग उन्हाने फिका पडतो. मला त्याचे काही वाटत नाही, पण भेट म्हणून देणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

खरेदी करताना एका गोष्टीने फसगत होऊ शकते, म्हणून ती सविस्तर लिहिते. टोकियो ऑलिंपिकपासून ३×३, म्हणजे तीन-तीन खेळाडूंच्या, प्रकाराला बरीच प्रसिद्धी मिळाली आहे आणि त्यासाठीचा बॉल दुकानांत दिसू लागला आहे. त्याचा आकार ६ क्रमांकाचा असतो, पण वजन ७ क्रमांकाच्या बॉलइतके असते, कारण तो स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच आहे. बाहेरून पाहता तो आपल्याला हवा तसाच वाटतो. ज्यांच्या मनगटात जोर आहे त्यांनी तो खुशाल घ्यावा. माझ्यासारख्यांना मात्र तेवढे जास्तीचे वजन तासाभरात जाणवते. म्हणून बॉलवरचा मजकूर चश्मा लावून वाचावा, आणि शंका असेल तर दुकानदाराला वजन करून दाखवायला सांगावे. मी माझा बॉल घरी आणल्यावर स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवला होता आणि तो ५४० ग्रॅमच्या जवळ भरला.

ऑनलाइन मागवण्यापेक्षा दुकानात जाऊन घेणे मी पसंत करीन, कारण बॉल हातात धरल्याशिवाय खाचा आणि दाणे कळत नाहीत. धोबी तलावच्या दुकानांत ७ क्रमांकाचा बॉल दर्शनी भागात टांगलेला असतो, ६ क्रमांक मागून घ्यावा लागतो. दुकानदार बहुधा ‘नातीसाठी का, आजी?’ असे विचारतो आणि ५ क्रमांकाचा काढून देतो. तेव्हा क्रमांक स्पष्ट सांगावा. चांगल्या रबरी बॉलला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर किंमत पडते, त्यापेक्षा फारच स्वस्त मिळणारा बॉल काही दिवसांत एका बाजूने फुगून अंडाकृती होण्याचा धोका असतो. हवा तिथेच भरून घ्यावी आणि बॉल खांद्याच्या उंचीवरून फरशीवर सोडून पाहावा. तो कमरेपर्यंत सरळ वर आला पाहिजे. बाजूला पळाला तर गोलाई बिघडलेली आहे असे समजून दुसरा मागावा. झडपेला ओले बोट लावून बुडबुडा येत नाही ना, तेही पाहावे.

बॉलबरोबर घोट्याला आधार देणारे, जाड रबरी तळाचे बूट घेणे आवश्यक आहे. आम्ही शाळेत खडूने पांढरे केलेल्या कॅनव्हासच्या बुटांत खेळलो, परंतु साठीनंतर सिमेंटवर तसे खेळणे गुडघ्यांना झेपणार नाही. ज्यांना हाडांच्या ठिसूळपणाचे निदान झाले आहे किंवा हृदयविकाराचा त्रास आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि उडी न मारता केवळ उभ्याने शॉट घ्यावेत. त्यांच्यासाठीही हाच बॉल योग्य आहे, फक्त पहिले काही दिवस रिंगच्या अगदी जवळ, बोर्डाच्या बाजूला तिरके उभे राहून फेकावा, म्हणजे बोर्डाला लागून तो सहज आत जातो आणि त्याच्यामागे धावावे लागत नाही.